स्वतंत्र बटण

भाऊ अंधाराला घाबरणाऱ्यांतले नव्हते. पण करवत निम्म्या फळीत शिरलेली, डाव्या हाताचा अंगठा पेन्सिलीच्या रेघेला चिकटलेला, आणि नेमका अशा वेळी दिवा गेला तर माणूस शूर असून काही उपयोग होत नाही. बरं, दिवा काही वीजकंपनीच्या कृपेने जायचा नाही. तो चिरंजीवांच्या कृपेने जायचा. चिरंजीव कामावरून यायचे, गाडी गॅरेजात घालायचे, दरवाजाशेजारचं बटण खट्‌कन दाबायचे आणि किल्ली फिरवत जिना चढायचे. त्या एका बटणावर दोन दिवे होते. एक गॅरेजचा आणि एक गॅरेजच्या मागे भिंत घालून काढलेल्या खोलीतला. त्या खोलीत भाऊ असायचे.

"अरे, मी आहे आत!" भाऊ ओरडायचे.

"अरेच्चा! मला वाटलं, आत कोणी नाही," असं जिन्यावरून उत्तर यायचं, चिरंजीव दोन पायऱ्या उतरायचे, बटण पुन्हा दाबायचे आणि वर जायचे.

हा संवाद रोज व्हायचा. भाऊंनी आधी आठवडाभर तो विसराळूपणाच्या खाती घातला, मग कामाच्या ताणाच्या खाती घातला. पण माणूस रोज घरी येतो आणि रोज त्याला वाटतं की आत कोणी नाही, तेव्हा खाती संपतात. तक्रार करायचीही सोय नव्हती, कारण खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करायचा, ही शिस्त चिरंजीवांना लहानपणी भाऊंनीच लावली होती, आणि ती तोंडी नव्हे, कान पिळून लावली होती. मुलाने वडिलांचं दुसरं काहीही ऐकलं नाही. एवढं एकच पाळलं, आणि तेही इतकं मन लावून.

त्या खोलीला घरात चार नावं होती. वहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, तिला 'अडगळ' म्हणायच्या. सूनबाई 'स्टोअररूम' म्हणायच्या. चिरंजीव 'मागची खोली' म्हणायचे. भाऊ मात्र 'वर्कशॉप' म्हणायचे आणि कोणी विसरू नये म्हणून त्यांनी दारावर तशी पाटीही लावली होती. फळी स्वतः तासलेली, अक्षरं स्वतः रंगवलेली. पाणीखात्यात भाऊंनी उभी हयात दुसऱ्यांच्या धरणांचे नकाशे काढण्यात घालवली, पण त्यातल्या एकाही नकाशावर त्यांचं नाव नव्हतं. त्यामुळे ही पाटी म्हणजे त्यांची पहिली आणि एकमेव सही होती, असं म्हटलं तरी चालेल.

वरच्या मजल्यावर भाऊंचं कोणी काही ऐकत नसे असं नाही. ऐकण्याइतपत प्रसंगच येत नसे. बाथरूमच्या फरशांचा रंग त्यांना फरशा बसल्यावर कळला. नवा सोफा आला तेव्हा ते जुन्या सोफ्यावर झोपलेले होते आणि त्यांना हमालाने उठवलं. टीव्हीचा रिमोट सूनबाईंकडे, फ्रिजमधले कप्पे वहिनींकडे, इंटरनेटचा पासवर्ड चिरंजीवांकडे. भाऊंकडे राहिली होती ती ही एक खोली, तिच्यातला रंधा, दोन करवती, पटाशा, भिंतीला ठोकलेला शिकंजा आणि भुशाचा वास. तिथे कोणी त्यांना विचारत नव्हतं, हे खरं, पण सांगतही नव्हतं. ही खोली गेली तर आपण या घरात नेमके कुठे बसणार, असा प्रश्न भाऊंना कधीकधी पडायचा आणि ते तो घाईघाईने झटकायचे.

तिथे ते काय बनवायचे, याबद्दल फार खोलात शिरण्यात अर्थ नाही. मुख्यतः स्टुलं. भाऊंच्या स्टुलाला पाय चार असत, पण एका वेळी जमिनीला तीनच टेकत, आणि कोणते तीन हे स्टूल स्वतः ठरवत असे. शेजारपाजारी प्रत्येक घरात असं एकेक स्टूल भेट गेलेलं होतं आणि प्रत्येक घरात त्यावर कुंडी ठेवलेली होती.

तर एका संध्याकाळी दिवा गेला आणि करवत फळी सोडून अंगठ्यात गेली. टाके पडले. घरात मोठी चर्चा झाली. वहिनी म्हणाल्या, "या वयात करवत हवीच कशाला?" सूनबाई म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही चित्रकला का नाही करत? लागत नाही त्यात काही." चिरंजीव म्हणाले, "तयार स्टुलं किती स्वस्त मिळतात हल्ली." दिव्याचं नाव कोणी काढलं नाही. भाऊ बँडेज बांधलेला अंगठा सगळ्यांना दिसेल असा ताटाशेजारी उभा धरून बसले होते. शेवटी त्यांनीच घसा खाकरला.

"मला स्वतंत्र बटण हवं."

कोणी वाटणी मागावी तसे सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"स्वतंत्र म्हणजे?" चिरंजीवांनी विचारलं.

"गॅरेजचं वेगळं, वर्कशॉपचं वेगळं. तुझं तू दाब, माझं मी दाबीन."

"अहो, आख्खा संसार झाला एका बटणावर," वहिनी म्हणाल्या. "आता कसलं वेगळं?"

"भाऊ, त्यापेक्षा मी लक्षात ठेवीन ना," चिरंजीव म्हणाले. ते मनापासून म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी गाडी लावली, खट्‌कन बटण दाबलं, आणि अंगठ्याला बँडेज बांधून अंधारात बसलेल्या भाऊंचा निश्चय पक्का झाला.

भिंतीत एक बटण बसवायचं आणि दोन वायरी वेगळ्या करायच्या, एवढंसं काम. पण काम एवढंसं आहे हे शेजारच्या इंजिनिअरांच्या कानावर जाऊ द्यायला नको होतं. हे इंजिनिअर रस्तेखात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी नोकरीत दोन पूल बांधले, पण पुलांबद्दल ते कधी फारसं बोलत नसत, कारण दोन्हींपैकी एकच आता शिल्लक होता. बाकी कुठल्याही विषयावर त्यांचा सल्ला फुकट आणि घरपोच मिळत असे. ते आले, भिंतीवर बोटाने टकटक केली आणि डॉक्टरने छाती तपासून गप्प बसावं तसे काही वेळ गप्प बसले.

"भाऊ, भिंत फोडणार?"

"थोडीशी."

"थोडीशी फोडली काय आणि जास्त फोडली काय, धूळ तेवढीच. मग पंख्याचा पॉइंट काढून घ्या. दोन प्लग घ्या. चार घ्या. एक मोठा पॉइंट घ्या, उद्या एसी बसवायचा झाला तर?"

"वर्कशॉपात एसी?"

"काम एकदाच करायचं असतं, भाऊ. पुन्हा पुन्हा भिंत फोडतो तो मूर्ख."

भाऊंना मूर्ख ठरायचं नव्हतं. ज्या माणसाला कोणी काही विचारत नाही त्याला कोणी चार प्लग घ्या म्हणून आग्रह केला, की तो पाघळतो. भाऊंनी पाच घेतले.

मग वायरमन आला. 'आला' हे एका शब्दात लिहिता येतं, एवढंच. तो येणार म्हणून भाऊ किती सकाळी दाढी करून गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसले, हे त्यांचं त्यांना माहीत. वायरमनला कधीही फोन केला तरी तो गल्लीच्या तोंडाशी असायचा. जगातली सगळी गल्लीची तोंडं एकत्र केली असती तरी हा माणूस त्यांत मावला नसता. शेवटी एकदाचा तो आला, वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाला, "होऊन जाईल, काका. एखादं स्टूल आहे का?"

आता इथे कोणीही शहाणा माणूस नाही म्हणाला असता. पण गिऱ्हाईक स्वतःहून आपलं स्टूल मागतंय, हा आनंद भाऊंना पहिल्यांदाच होत होता. त्यांनी त्यातल्या त्यात नवं स्टूल काढून दिलं, वर फडकंही मारलं. वायरमन चढला. स्टुलाने आपले तीन पाय कोणते, याचा निर्णय बदलला. वायरमनने पडता पडता हाताला लागेल ते धरलं, आणि हाताला लागला तो भिंतीवरचा विजेचा मीटर. वायरमन वाचला. मीटरही वाचला. मीटरवरचं वीजकंपनीचं सील मात्र तुटून वायरमनच्या मुठीत राहिलं.

"काही होत नाही, काका," वायरमन सील भाऊंच्या हातात ठेवत म्हणाला. "ते असं अडकवून ठेवायचं. कोण बघायला येतंय?"

हेच मत वहिनींचं पडलं, सूनबाईंचं पडलं, चिरंजीवांचं तर फोनवरून पडलं. इंजिनिअर म्हणाले, "माझ्या मीटरला सील कधी होतं हेच मला आठवत नाही." पण भाऊ सरळमार्गी माणूस. मीटरचं सील तुटणं म्हणजे वीजचोरीचा संशय, आणि संशय येण्याआधी आपणच जाऊन सांगावं, असं त्यांना वाटलं. जन्मभर नोकरी करूनही कचेरी म्हणजे काय हे ज्याला कळलं नाही, अशा माणसाच्याच हातून ही चूक होऊ शकते. ते इस्त्रीचा शर्ट घालून, तुटलेलं सील कागदाच्या पुडीत बांधून वीजकंपनीच्या कचेरीत गेले.

खिडकीतल्या बाईंनी पुडी उघडून पाहिली. "तुम्हाला कोणी पकडलं?"

"कोणीच नाही. मी स्वतःहून आलोय."

"स्वतःहून?" बाईंनी मागे वळून हाक मारली, "साहेब, हे स्वतःहून आलेत."

दोन टेबलांवरची माणसं उठून बघायला आली. पकडले गेलेल्यांसाठी तिथे खिडकी होती. पकडले जाऊ नये म्हणून येणाऱ्यांसाठीही एक सोय होती, ती खिडकीतून नव्हती एवढंच. स्वतःहून येणाऱ्यांसाठी काहीच नव्हतं. भाऊंना एका बाकावर बसवलं. येणारा-जाणारा त्यांच्याकडे बघून जात होता. शेवटी साहेबांनी सांगितलं, की या प्रकाराची जागेवर पाहणी करावी लागेल. भाऊ उठून आभार मानायला गेले तर साहेब म्हणाले, "पण आजोबा, खरं सांगा, काय लपवताय?"

'आजोबा' हा शब्द भाऊंना घरी येईपर्यंत बोचत राहिला.

पाहणीला तपासनीस आला तेव्हा घरातली सगळी माणसं गॅरेजात जमली. एरवी त्या खोलीत डोकवायलाही कोणी येत नसे. तपासनीसाने मीटर बघितला, नवं सील लावलं, आणि सगळं सुरळीत संपणार इतक्यात त्याची नजर मागच्या दाराकडे गेली.

"वर्कशॉप?" त्याने पाटी मोठ्याने वाचली.

"हो," भाऊ कौतुकाने म्हणाले. पाटी वाचणारा हा पहिलाच परका माणूस.

"म्हणजे धंदा. मग घरगुती दर कसा लावलाय? कामगार किती?"

"कामगार मीच."

"पगार?"

"छे हो! पगार कसला?"

"मालक कोण?"

"तोही मीच."

"बिनपगारी कामगार," तपासनीस स्वतःशीच म्हणाला. "हे तर आणखी वाढत चाललंय."

त्याने वेगळा मीटर, वेगळा दर, परवाना, आग विझवायचं यंत्र असं बरंच काही सांगायला सुरुवात केली. चिरंजीवांच्या कपाळावर आठ्या पडल्या. वहिनी पदर तोंडाशी धरून भाऊंकडे बघू लागल्या, आणि ती नजर 'बघा, मी सांगत होते' ही होती. तेवढ्यात इंजिनिअर पुढे सरसावले. पाहणी आहे म्हटल्यावर ते येणार नाहीत हे शक्यच नव्हतं.

"अहो साहेब, कसलं वर्कशॉप घेऊन बसलात! स्टडीरूम आहे ती. हे आपले मागे कधीतरी गमतीने पाटी लावून बसलेत."

"हो ना," सूनबाई लगेच म्हणाल्या, "स्टडीरूमच आहे."

"स्टडीरूम," चिरंजीव म्हणाले.

तपासनीसही काही दुष्ट नव्हता. त्यालाही जेवायला जायचं होतं. "मी ऐकून घेतो," तो म्हणाला, "पण यांनी स्वतः म्हटलं पाहिजे. सांगा आजोबा, हे वर्कशॉप आहे का?"

सगळे भाऊंच्या तोंडाकडे बघत होते. भाऊंनी रंध्याकडे बघितलं, शिकंज्याकडे बघितलं. आयुष्यात ते खोटं फारच थोडं बोलले होते, आणि त्यातलं एकही इतकं जड गेलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "हे वर्कशॉप नाही."

"मग ती पाटी खरवडून टाका. मी थांबतो."

पाटी नुसती ओढून निघणार नव्हती, दाराला चार स्क्रूंनी पक्की बसवलेली होती. भाऊंच्या हातचं एवढं एकच काम कधी हललं नाही. त्यांनी पटाशी घेतली आणि सगळ्यांच्या देखत स्वतःची अक्षरं स्वतः तासली. रंगाचे तुकडे चपलांवर पडले. वहिनींनी ते झाडून नेले आणि मग सगळे चहा प्यायला वर गेले.

वायरमनने उरलेलं काम एका दुपारीत उरकलं. गॅरेजच्या दाराशी एक बटण, खोलीच्या आत एक बटण. भाऊ आत जाऊन उभे राहिले. बऱ्याच दिवसांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं. त्यांनी आपल्या स्वतंत्र बटणावर बोट ठेवलं आणि दाबलं.

गॅरेजातला दिवा लागला.

त्यांनी बाहेर येऊन दाराशेजारचं बटण दाबलं. खोलीतला दिवा लागला.

"अरे, हे उलटं झालंय!"

वायरमन पिशवी भरत होता. "दोन्ही लागतात ना, काका?"

"लागतात, पण याचं त्याला आणि त्याचं याला."

"वेगळे तर झाले ना? ते होऊन जाईल. उद्या येतो." आणि तो गल्लीच्या तोंडाशी जो गेला तो गेलाच.

त्या संध्याकाळी काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण जास्त सांगवत नाही. भाऊ आत पटाशीला धार लावत होते. चिरंजीव गाडी घेऊन आले, गॅरेजात अंधार म्हणून त्यांनी दाराशेजारचं बटण दाबलं, आणि भाऊंचा दिवा गेला. "अरे, मी आहे आत!" चिरंजीवांनी पुन्हा दाबलं, दिवा आला. भाऊंनी आतलं बटण दाबून गॅरेजात उजेड केला. चिरंजीवांनी गाडी लावली, "थँक्यू, भाऊ!" म्हणाले, सवयीने दाराशेजारचं बटण खट्‌कन दाबलं आणि वर गेले. पूर्वी दोन्ही दिवे जायचे. आता गाडी लख्ख उजेडात उभी होती आणि भाऊ तेवढे अंधारात. भिंत फोडून, अंगठा फोडून, कचेरीत आजोबा म्हणवून घेऊन एवढीच सुधारणा झाली होती.

फोडलेल्या भिंती बघवेनात म्हणून चिरंजीवांनी त्या स्वखर्चाने लिंपून, रंगवून घेतल्या. रंग कोणता ते भाऊंना रंग वाळल्यावर कळलं. पंखा बसला. पाच प्लग चमकू लागले. सूनबाई एकदा सहज डोकावल्या आणि दारातच थबकल्या.

"अय्या, किती छान झालीये हो स्टडीरूम!"

भाऊंना बरं वाटलं. कोणी खोलीला छान म्हटलं याचाच त्यांना इतका आनंद झाला, की खोलीचं नाव काय घेतलं हे त्यांच्या लक्षात आलं नाही. ते रात्री जेवताना आलं. चिरंजीवांच्या कंपनीने बहुतेक दिवस घरूनच काम करा म्हणून सांगितलं होतं, आणि वर कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही, दाराची घंटा.

"भाऊ, तुम्हाला एक विचारायचं होतं," चिरंजीव म्हणाले.

भाऊंच्या हातातला घास हातातच राहिला. विचारायचं होतं!

"तुमची हरकत नसेल तर... ती मागची खोली. तात्पुरती. शांत आहे, प्लग आहेत, पंखा आहे. तुमचं सामान गॅरेजात भिंतीशी छान बसेल. पण तुमची हरकत असेल तर अजिबात नाही हं. खोली तुमची आहे."

हरकत होती. पोटापासून होती. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांची हरकत आहे का हे विचारत होतं, आणि पहिल्याच खेपेला 'आहे' म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं.

"नाही रे," ते म्हणाले, "माझी कसली हरकत?"

"मी म्हटलं नव्हतं, भाऊ हो म्हणतील?" चिरंजीव सूनबाईंना म्हणाले. टेबल आधीच विकत आणून इंजिनिअरांच्या घरी ठेवलेलं होतं.

भाऊंचं सामान गाडीच्या नाकासमोर भिंतीला लागलं. शिकंजा निघाला, त्याची चार भोकं रंगवलेल्या भिंतीत राहिली, ती चिरंजीवांनी एका कॅलेंडरने झाकली. आता भाऊ गॅरेजात आणि चिरंजीव आत. आणि वायरी अजून उलट्याच. म्हणजे भाऊंना उजेड हवा असेल तर त्याचं बटण चिरंजीवांच्या खोलीत, दाराआड. भाऊ दारावर टकटक करायचे.

"जरा दिवा लाव रे."

"मीटिंग चालू आहे, भाऊ. दोन मिनिटं."

ती दोन मिनिटं भाऊ हातात रंधा धरून उभे राहायचे. कधी दिवा लागायचा, कधी चिरंजीव विसरायचे. आणि लागलाच, तर चिरंजीव काम संपवून खोलीबाहेर पडताना लहानपणी लागलेल्या शिस्तीप्रमाणे आतलं बटण न चुकता बंद करायचे, आणि गॅरेज पुन्हा अंधारात जायचं. बँडेज सुटलं होतं. अंगठ्यावर पांढरी रेघ तेवढी राहिली होती. भाऊंना आता ओरडायचाही कंटाळा आला होता. आपल्याच घरात आपण दार ठोठावून उजेड मागतो, याची त्यांना लाज वाटायची, आणि ती कोणाला सांगावी हे कळत नव्हतं.

एका संध्याकाळी त्यांनी तीनदा दार ठोठावलं. पहिल्यांदा 'दोन मिनिटं' आलं. दुसऱ्यांदा नुसतं 'शूः' आलं. तिसऱ्यांदा काहीच आलं नाही. आत चिरंजीव परक्या भाषेत, परक्या आवाजात कोणा बड्या साहेबांना काही पटवून देत होते. दाराखालून उजेडाची पट्टी भाऊंच्या चपलांपर्यंत आली होती. भाऊंनी रंधा खाली ठेवला. चाचपडत ते गॅरेजच्या दारापाशी गेले आणि भिंतीवर हात फिरवला. बटण सापडलं. वायरमन आला नव्हता, त्याबद्दल त्यांनी मनातल्या मनात त्याचे आभार मानले.

खट्‌.

"अरे!" आतून आवाज आला. मग काहीतरी पडलं. मग दाराआडून, घाबरलेला, अगदी त्यांच्या ओळखीचा स्वर: "अरे, मी आहे ना आत!"

भाऊ क्षणभर थांबले. हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं, पण बाहेरून ते कसं ऐकू येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. फार लांबून आल्यासारखं ऐकू येत होतं.

"अरेच्चा," ते म्हणाले. "मला वाटलं, आत कोणी नाही."

बटण पुन्हा दाबून ते जिना चढले. त्या रात्री त्यांना दोन घास जास्त गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ दाढी करत होते तेव्हा खाली वायरमन आलेला होता. तोच. पिशवी, टेस्टर, स्वतःची शिडीसुद्धा. ज्याच्यासाठी भाऊंनी कितीतरी सकाळी खुर्ची टाकून काढल्या, तो चिरंजीवांच्या एका फोनवर चहाच्या आधी हजर.

"साहेबांचा फोन आला होता, काका," तो म्हणाला. "किरकोळ काम होतं हो. आधी सांगायचं नाही का?"

झाकण काढलं, दोन वायरी इकडच्या तिकडे केल्या, झाकण लावलं. चहा निवायच्या आत झालं. आता गॅरेजच्या दाराशी गॅरेजचं बटण, खोलीत खोलीचं बटण. भाऊंनी पहिल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर मागितलं होतं तसंच्या तसं, एका शब्दाचाही फरक नाही. इंजिनिअर येऊन दोन्ही दाबून बघून गेले आणि म्हणाले, "बघा भाऊ, झालं की नाही तुमच्या मनासारखं?"

त्याच दिवशी दिवेलागणीला भाऊ गाडीपलीकडे, भिंतीशी, आपल्याच एका स्टुलावर बसून पटाशीला धार लावत होते. स्टूल त्यांना घेऊन इकडून तिकडे डुलत होतं. खोलीचं दार उघडलं. चिरंजीवांनी आतलं बटण बंद केलं, फोनवर कोणाशी तरी हसत गाडीच्या त्या बाजूने दारापर्यंत गेले आणि जाता जाता भिंतीवरचं बटण दाबलं. खट्‌. मग जिन्यावर पावलं वाजली, एक, दुसरं, तिसरं. 'मी आहे इथे' एवढं म्हणायला वेळ होता. भाऊंनी ऐकून घेतलं आणि हाक मारली नाही.

बऱ्याच वेळाने वहिनी जेवायला बोलवायला खाली आल्या. त्यांनी दिवा लावला आणि दचकल्या.

"अगबाई! अहो, अंधारात काय करताय?"

"काही नाही," भाऊ म्हणाले. "स्वतंत्र बसलोय."

"चला जेवायला," वहिनी म्हणाल्या, आणि जिन्याकडे वळताना सवयीने त्यांनी दिवा बंद केला.